कावळे चेहरा विसरत नाहीत

अगं, फोन कानाला लावून अशी दारात उभी राहून काय ऐकतेस? आत जा, नीट बस. आणि आधी तुला रागावून घेते, मग बोलू. वर्षभर खिडकीच्या गजावर कावळा टेकला की टाळ्या वाजवून हाकलतेस. पडदे परवाच धुतलेत, घाण करेल, म्हणतेस. आणि भाद्रपदातली पौर्णिमा उलटली की तीच तू गच्चीवर पान घेऊन उभी, ये ये म्हणत, वर हात जोडून! त्या पाखरानं समजायचं तरी काय? त्याला बुद्धी नाही असं वाटतं ना तुला? बैस, सांगते.

परवा पाऊस थांबला. आमच्या ग्वाल्हेरचा पाऊस जातो तोही भांडून गेल्यासारखा, एकदम. दुसऱ्या दिवशी ऊन असं चढतं की गच्चीवरचं शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे सुटतात, पायाला चिकटतात. किल्ल्याचा खडक धुऊन काढल्यासारखा समोर दिसतो आणि हवेत मात्र वाफ. शेजारच्या शुक्लाइन याला कनागत म्हणतात, आम्ही पितृपक्ष. पाटणकर बाजारातले कापडवाले या दिवसांत जांभया देत बसतात, कारण नवं कुणी घेत नाही. घरोघरी अळूच्या भाजीचा आणि तळणीचा वास, पण लग्नाच्या तळणीला असतो तसा हसरा नाही. हा वास दबून येतो. मला तो वास आला की मी अजून हातातलं काम सोडते. गेलेल्यांची आठवण येते म्हणून, असं म्हणशील तू. ती येतेच. पण मला आठवतो तो काही वर्षांपूर्वीचा एक पंधरवडा, जेव्हा आमच्या घरातलं एक जिवंत माणूस जवळजवळ बाहेर फेकलं गेलं होतं.

आता बाहेर फेकलं म्हणजे काय, ते सांगायला मला मुंगीकडे जावं लागेल. हसू नकोस. शाळा माझी लवकर सुटली, पण वाचायची खोड काही सुटली नाही. त्यातही प्राणी-पक्ष्यांचं काही दिसलं की पुडीचा कागदसुद्धा मी सरळ करून वाचते. तर मुंगी मेली की तिच्या अंगाला म्हणे एक वास सुटतो. त्या वासावर बाकीच्या तिला उचलतात आणि वारुळाबाहेर कचऱ्यात टाकून येतात. इथवर ठीक. पण तोच वास जिवंत मुंगीच्या अंगाला लागला तर? तिलाही उचलतात. ती पाय झाडते, वळवळते, मी जिवंत आहे हे तिनं आणखी कसं सांगायचं? कुणी ऐकत नाही. ती चालत परत आली की पुन्हा उचलून टाकतात. अंग घासूनपुसून तो वास गेला, की मगच घरात घेतात. हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली होती. त्या भाद्रपदात मात्र मी स्वयंपाकघरात उभी राहून हे आठवायची आणि फोडणी करपून जायची.

आमच्या घरातली ती मुंगी म्हणजे शरदभावजी, माझे धाकटे दीर. राहायला मोरारला, पण स्कूटर रोज आमच्या दारात. आम्ही इथे शिंदे की छावनीत, इमारतीच्या वरच्या मजल्यावर. सासरे, म्हणजे बाबा, सासूबाईंसह आमच्याकडे असायचे. पण त्यांची दाढी करायला, नखं कापायला शरदभावजीच लागायचे. आमचे हे मोठे. यांचा हात कापतो, असं बाबा म्हणायचे.

बाबा गेले आदल्या वर्षी श्रावणात. छातीत कफ भरला, दवाखान्यात ठेवलं. त्या दुपारी हे घरी जेवायला आले होते, दवाखान्यात शरदभावजी एकटे. डॉक्टर म्हणाले, श्वास पुरत नाही, नळी घालून मशीनवर ठेवायचं का ते लगेच सांगा. भावजी म्हणाले, नाही. बाबांनी त्यांना एकदा दाढी करताना सांगितलं होतं, माझ्या नाकातोंडात नळ्या घालू नका रे, मला माणसासारखं जाऊ दे. ते ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. हे ताटावरून उठून धावले, पण पोचले तेव्हा चादर ओढलेली होती.

तेव्हा कुणी काही बोललं नाही. दहाव्याला घाटावर कावळे भरपूर, पिंड ठेवायचा अवकाश, शिवले. सगळ्यांनी हुश्श केलं. पण न बोललेलं घरात कुठे जातं का? ते राहतं आपलं, कपाटामागे पाल राहते तसं. दिसत नाही, पण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मग वर्ष उलटून पहिला पितृपक्ष आला. इतर घरांतून तिथीला एकच पान ठेवतात. आमच्या घरची रीत वेगळी. ज्यांनी खांदा दिला त्या प्रत्येक मुलानं आपापलं पान ठेवायचं, पंधरा दिवस रोज एक घास आणि तिथीला पूर्ण वाढलेलं. ठेवून दक्षिणेकडे तोंड करायचं, हात जोडून उभं राहायचं आणि कावळा शिवेपर्यंत हलायचं नाही. घरातही तोवर कुणी जेवायचं नाही. बाबांच्या आधीच्या पिढ्यांसाठी बाबा आणि काका असेच उभे राहत.

पहिल्या दिवशी यांनी घास ठेवला. कठड्यावर बसलेला कावळा मान वाकडी करून आला, उचलून गेला. मग शरदभावजी पुढे झाले. अजून पान खाली टेकलंही नव्हतं, तर कडुलिंबावरून एक कावळा ओरडला. कसा, तर कुणी चोर चोर ओरडावं तसा. बघता बघता सगळं आभाळ काळं. डोक्यावरून झपाझप जाऊ लागले. एकानं टकलावर चोच मारली, रक्ताचा थेंब आला. भावजी हात जोडून उभेच. घासाला एकानंही तोंड लावलं नाही.

शुक्लाइन त्यांच्या गच्चीवर वाळवण उलटत होत्या. त्यांनी तिथूनच हाक मारली, "अरे भैया, सिर पे गमछा डाल लो! क्यों दीदी, तुम्हारे देवरजी से ये कौए काहे नाराज हैं?"

नाराज. बाई साध्या मनाच्या, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण शब्द पडला आणि आमच्या आत्याबाईंनी तो झेलला.

आत्याबाई म्हणजे बाबांची धाकटी बहीण, झाशीहून खास पंधरवड्यासाठी आलेली. जीभ अशी की लिंबू त्यापुढे गोड. त्या म्हणाल्या, "कावळे कशाला नाराज होतील? कावळ्यांच्या तोंडून कोण बोलतं, हे सांगायला हवं का?"

भावजींनी रक्त पुसलं. त्या दिवशी आम्ही अर्ध्या दुपारी जेवलो, तेही गुरुजींना फोन करून, दर्भाचा कावळा करून, तो पानाला लावून.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. यांचा घास लगेच उचलला जाई आणि भावजींचा ऊन खात पडून राही. जिना चढताना त्यांच्या पावलांचा आवाज हळू होत गेला. मी खाली कढीला फोडणी देत असायची, पण कान वर. तो पहिला ओरडा झाला की आत्याबाई माझ्याकडे बघायच्या. "ऐकलंस?" एवढंच. मी म्हणायची, "आत्या, दहाव्याला तर लगेच शिवला होता." त्यावर त्या म्हणाल्या, "तेव्हा जीव घाईत असतो गं. आता निवांत बसून सगळं आठवत असेल."

बघ, माणसाचं डोकं कसं चालतं! एकदा ठरवलं की मेलेल्याला निवांत बसवून विचारसुद्धा करायला लावतं.

मला मात्र दुसरंच काही आठवत होतं. त्याच पावसाळ्यात खाली पार्किंगमध्ये कडुलिंबावरून एक पिल्लू पडलं होतं. मांजर घिरट्या घालत होती. भावजी स्कूटर लावत होते, त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, पिल्लू त्यात घेतलं आणि गच्चीवर टाकीखाली खोक्यात ठेवून आले. मी बाल्कनीतून सगळं पाहिलं. वरून कावळे असे तुटून पडत होते की भावजींनी एका हातानं डोकं धरलं, दुसऱ्या हातात हेल्मेट. पुढे दोन्ही कावळे त्या पिल्लाला गच्चीवरच भरवायचे. आणि गंमत ऐक, पिल्लाच्या अंगावर पांढुरके ठिपके होते. ते कावळ्याचं नव्हतंच, कोकिळेचं होतं! कोकिळा अंडं टाकून गेली, आणि हे दोघं त्या परक्या पोरासाठी माणसाच्या डोक्याला चोच मारत होते.

कावळे माणसाचा चेहरा ओळखतात. कपडे नाही, चेहरा. एकदा कुणी शत्रू ठरला की वर्षानुवर्षं विसरत नाहीत. आणि एकटे लक्षात ठेवून गप्प बसत नाहीत, बाकीच्यांना ओरडून दाखवतात, हा बघा, हाच तो. ज्या कावळ्यानं काहीच पाहिलेलं नाही, तोही मग त्या माणसावर ओरडायला शिकतो. माणसानं पिल्लू वाचवलं की पळवलं, हे त्यांना कसं कळावं? त्यांनी पाहिलं ते एवढंच, की आमचं लेकरू या हातात होतं.

मी हे जेवताना सगळ्यांना सांगितलं. समजावून, हातवारे करून सांगितलं. हे खाली मान घालून भात कालवत राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "सूनबाई, आता पक्ष्यांची मास्तरीण झाली का?" शरदभावजी मात्र माझ्याकडे असे पाहत राहिले, की बुडणाऱ्याला दोर दिसावा पण तो पुरेल का याची खात्री नसावी. ते म्हणाले, "वहिनी, तसं असेल तर बरं. पण नसेल तर?"

 म्हणजे भावजींना स्वतःलाच तसं वाटू लागलं होतं. बाबांना खरंच जगायचं होतं का? त्या दिवशी दाढी करताना ते नुसतं वैतागून बोलले होते का? मी त्यांचा श्वास तोडला का? आणि हे सगळे प्रश्न घेऊन हा साठीचा माणूस रोज दुपारी उन्हात कावळ्यापुढे हात जोडून उभा राहत होता, निकाल ऐकायला.

म्हटलं, करूनच दाखवते. दुसऱ्या दिवशी भावजींनी घास ठेवला, ओरडा सुरू झाला, तशी मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना जिन्यात ओढलं आणि दार लोटलं. रीत मोडली, मोडू दे. फटीतून दोघं बघत राहिलो. ओरडा हळूहळू शांत झाला. एक कावळा उतरला. उड्या मारत आला, घासाभोवती फिरला, आणि उचलला! मी आनंदानं खाली धावले. "आत्या, शिवला! भावजींचाच घास, त्यांनीच ठेवलेला. ते समोर नव्हते एवढंच."

आत्याबाईंनी सुपारी कातरायची थांबवली. "तेच तर म्हणते मी," त्या म्हणाल्या. "अन्न घेतलं त्यानं. तोंड बघायचं नाही म्हणाला."

 तुला सांगते, त्या क्षणी मला कावळ्यापेक्षा माणसाची भीती वाटली. कावळा निदान डोळ्यांनी पाहिलेल्यावर रागावतो. आम्ही आधी रागावतो आणि मग काहीही दाखवलं तरी त्यातून तेच पाहतो. खालच्या मजल्यावरची पोरंसुद्धा एव्हाना भावजींना कौएवाले अंकल म्हणू लागली होती. त्यांनी तर काहीच पाहिलं नव्हतं, नुसतं आम्हा मोठ्यांचं कावकाव ऐकलं होतं.

त्या संध्याकाळी जिन्यात यांचा आवाज आला. कधी चढत नाही तो आवाज.

"एक फोन तर करायचा होतास मला."

"दादा, वेळ नव्हता."

"मी जेवत होतो रे. जेवत होतो मी इथे. मला आयुष्यभर ते ताट दिसणार."

 खाली भावजींची स्कूटर बराच वेळ सुरू झाली नाही. वर आले तेव्हा यांचे डोळे लाल. मला म्हणाले, "चहा ठेव." मी ठेवला.  वर्षभर कपाटामागे होती ती पाल आता भिंतीवर आली होती, इतकंच.

मग तिथी आली. गुरुजी आले, सगळं यथासांग झालं. खीर, वडे, अळू, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, सगळी पानं वाढून तयार. यांचं पान शिवलं. भावजी वर गेले. त्या दिवशी त्यांनी डोक्यावर काही घेतलं नव्हतं आणि मला आधीच सांगितलं होतं, "वहिनी, आज मला आत ओढू नका. आज मी उभा राहणार. आज काय ते कळू दे."

उन्हानं गच्ची तापलेली. कावळ्यांनी नुसता कल्लोळ मांडलेला. गुरुजी घड्याळ बघत होते, त्यांना पुढे दाना ओलीत दुसऱ्या घरी जायचं होतं. आत्याबाई जपमाळ ओढत होत्या. हे जिन्याच्या दारात, ना आत ना बाहेर. आणि मग भावजी मोठ्यानं बोलू लागले, कावळ्यांकडे बघून. "बाबा, माझं चुकलं असेल तर सांगा. मी पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही. पण सांगा."

खाली सासूबाई, आमच्या आई, कोचावर बसल्या होत्या. बाबा गेल्यापासून त्यांना प्रत्येक जण सांभाळत होता. औषध दिलं का, शाल दिली का, पाय चेपू का. गच्चीचा जिना त्यांनी कधीचा सोडलेला. त्या उठल्या. मला म्हणाल्या, "हात दे." मी म्हटलं, "आई, जिना चढवणार नाही तुम्हाला." त्या म्हणाल्या, "हात दे म्हटलं न."

चढलो. प्रत्येक पायरीला थांबत, श्वास घेत. दारातून हे बाजूला झाले. आई उन्हात गेल्या, थेट भावजींजवळ, आणि त्यांच्या डोक्यावर आपला पदर धरला. कावळे घोंघावतच होते.

"शरद, खाली चल. पान वाढलंय."

आत्याबाई मागून ओरडल्या, "अहो वहिनी, अजून शिवला नाही! आधी कसं जेवायचं?"

आई वळल्या. आवाज मोठा नव्हता. "तुझ्या भावाला उभा जन्म मी वाढलं. मूल उपाशी उभं आहे आणि त्यांनी घास गिळलाय, असं एकदा तरी झालं का? सांग तू. तू तर त्यांच्याच पंगतीत वाढलीस."

आत्याबाईंच्या हातातली माळ थांबली.

मग आई भावजींकडे वळल्या. "आणि ते नळ्यांचं. ते कावळ्याला काय विचारतोस? मला विचार ना. वर्ष झालं, मला कुणी विचारलंच नाही. मला शाल देता सगळे." त्यांना धाप लागली, पण थांबल्या नाहीत. "त्या दिवशी मी तिथे असते, तर मीही नाहीच म्हटलं असतं. नवरा माझा होता."

भावजी तिथेच खाली बसले. रडले म्हणू की काय म्हणू, लहान मूल पडल्यावर आधी आवाज येत नाही ना, तसं झालं त्यांचं. मग यांनी पुढे होऊन त्यांना उठवलं. दोघा भावांनी मिळून आईंना हातांच्या पाळण्यात उचललं आणि तसंच जिन्यावरून खाली आणलं. आई त्यांना रागावत होत्या, पाडाल मला म्हणून.

खाली यांनी आपला पाट भावजींच्या पाटाला लावून घेतला. खीर आईंनी स्वतः वाढली, आधी धाकट्याला. आत्याबाई ताटावर बसल्या, मग म्हणाल्या, "शरद, वडा घे. गार होतोय." त्यांच्याकडून एवढंच. पण एवढं ऐकायला मी किती दिवस कान लावून होते!

वरचं पान कावळ्यानं शिवलं की नाही, मला माहीत नाही. कुणी बघायला गेलंच नाही.

भावजी अजून येतात, या पंधरवड्यातही येतात. कावळ्यांचं काही बदललेलं नाही बरं का. गच्चीवर पाऊल टाकलं की तोच ओरडा, तीच झेप. त्या वेळचे किती उरले असतील देव जाणे, आता तर त्यांची पोरं ओरडत असतील. भावजी छत्री उघडून वर जातात, पान ठेवतात आणि हसत खाली येतात. "वहिनी, आज नवीन भरती दिसतेय," म्हणतात. मोठ्या भावाबरोबर बसून जेवतात. मी बघत राहते आणि मनात म्हणते, पाखरांकडे दुसरा उपाय नाही, त्यांना कुणी जिना चढून येऊन सांगणारं नाही.

तर तू ये. नुसतं येईन येईन म्हणू नकोस, गाडीचं तिकीट काढ. बाबांच्या तिथीला ये, नाहीतर अमावास्येला, पण याच पंधरवड्यात. आई आता फार थकल्यात. ऐकू येत नाही, पण कुणाच्या पानात काय कमी आहे ते त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं. कालच विचारत होत्या, ती पोर कधी येणार? स्टेशनवर भावजी येतील घ्यायला. फक्त उशीर करू नकोस, बाराच्या आत पोच. तू येईपर्यंत त्या जेवायच्या नाहीत, आणि त्यांना उपाशी ठेवलेलं या घरात आता कुणाला चालत नाही.